आमटीची बादली

सन १९९१, वैशाखातली लग्नसराई. मिरजेतल्या एका मंगल कार्यालयाचे मालक शिरगुप्पे पुण्याहून 'फीडबॅक' हा शब्द घेऊन आले होते. मेहुण्याला आचारी करायचे म्हणून त्यांनी सीताकाकूंना कामावरून काढले. नवरा गेल्यावर तुळसा उघड्यावर पडली, तेव्हा याच काकूंनी तिला इथे वाढपाला लावले होते.

शिरगुप्पे पंगतीत फिरून विचारत, "स्वयंपाक कसा झालाय?" सगळे म्हणत, "उत्तम."

"बघ तुळसा, याला फीडबॅक म्हणतात. लोकांचं मत आपल्याकडे परत येतं. आता काकूंचं नाव काढायचं नाही."

"मालक, लग्नाच्या पंगतीत बसून अन्नाला नावं कोण ठेवील? आमटी एकदा वाढून झालीय, आता दुसऱ्या फेरीला ही आमटीची बादली धरा. तोंडानं काही विचारू नका, नुसते वाढत जा."

"एवढंच ना?" म्हणत शिरगुप्पे निघाले.

पहिल्या पाहुण्याने पानावर हात आडवा धरला. दुसऱ्यानेही धरला. पंगतीचे टोक आले तरी पळी बुडाली नव्हती.

तुळसाने भरल्या बादलीकडे बोट दाखवले. "परत आलं ते हे, मालक. काकूंच्या आमटीला बादली पुरायची नाही."

शिरगुप्पेंनी ती बादली उचलून मेहुण्यापुढे नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढे सीताकाकू होत्या. तुळसाचे देणे फिटले.