कोरा कोपरा

“पण मास्तर, सारस कसा वाटला?”

हेरंबने तिसऱ्यांदा विचारलं. दत्तोबा मास्तर अजून चित्रासमोरच उभे होते.

चित्र चांगलं सहा फुटी. दोन वर्षं जपानात राहून हेरंब ही रीत शिकला होता. पाइनचं वाकडं झाड, धुकं, सोन्याच्या वर्खाचं आभाळ, आणि मधोमध मान खाली घालून उभा असलेला लाल टोपीचा सारस. एकेक पीस मोजून घ्यावं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा त्याचा तोरा. तरी त्या आरशासाठीच तो चित्र टेम्पोत घालून मुंबईहून या नदीकाठच्या गावी आला होता.

कारण सही राहिली होती. मास्तर “झालं” म्हणेपर्यंत शिष्याने सही करायची नाही, हा इथला दंडक. बावीस वर्षांत हेरंबच्या एकाही चित्राला त्यांनी तसं म्हटलं नव्हतं.

“पिसं छान विंचरलीस,” मास्तर म्हणाले.

हेरंबचा चेहरा उतरला.

“आणि हे?”

त्यांचं बोट खालच्या डाव्या कोपऱ्याकडे होतं. सारसाच्या पायाशी हातभर कापड कोरंच होतं.

“ते राहिलंय. वर्ख संपला होता.” आत्ता लावून टाकतो, म्हणत त्याने पिशवीतून वर्खाची नवी पुडी काढली.



मास्तरांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या. दोन्ही हातांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि घाटाची पायरी चाचपत उतरावं तसं त्या कोपऱ्याकडे एक पाऊल टाकलं. अंग शहारलं त्यांचं.

हेरंबला हसूच येणार होतं. पण त्याची नजर त्या पावलांमागून कोपऱ्यात गेली.

सारस तिकडेच बघत होता. धुकं तिथूनच उठत होतं. कोऱ्या कापडावर पाणी होतं… गार, संथ, तळ न दिसणारं. इतके दिवस तो त्याच्या काठाशी बसून पिसं काढत राहिला आणि पाणी त्याला दिसलंच नव्हतं. आपण हे केलं, असं म्हणायचीही त्याला भीती वाटली.

त्याने पुडी पिशवीत परत ठेवली.

“मास्तर… सही करू?”

मास्तरांनी धोतर अजून वरच धरलं होतं.

“कर की. पण काठावरनं. पुढं खोल आहे.”