दोन भिंती आणि ओळंबा

भिंतींना नुसते कान नव्हते, तोंडही होतं, त्या काळची ही गोष्ट. एका गवंड्याने समोरासमोर दोन भिंती उभारल्या. रोज काम संपलं की तो दोरीचा ओळंबा सोडून बघायचा. ओळंब्याचा लोंबता गोळा दोन्हींना अलगद टेकायचा, म्हणजे दोन्ही सरळ निघायच्या.

एकदा पूर्वेची भिंत म्हणाली, “ओळंबेदादा, खरं सांगा. आम्हा दोघींत जास्त सरळ कोण?”

“सरळ ती सरळ, बाई. त्यात कमीजास्त कसलं?”

भिंतीला हे झोंबलं. समोरचीपेक्षा सरळ व्हायचंच, म्हणून ती ओल्या अंगाने ताठत राहिली. दुसऱ्या दिवशी ओळंबा तिला टेकेना; ताठता ताठता ती पुढे कलली होती. गवंड्याने तिला पायापर्यंत उतरवलं आणि नव्याने चढवलं.

पुन्हा ओळंबा आला, तेव्हा तिने हळूच विचारलं, “सरळ आहे ना?”

ओळंबा तिला अलगद टेकला.