दहावा शब्द

"बत्तीस देशांनी दारं लावून घेतली, बाबा. मग मी एकट्यानेच का उघडावं?"

हसाजीबाबा सिनेगॉगच्या दिव्यांत तेल घालत राहिले.

एझ्रा चौलकर हा मुंबईतला नावाजलेला वकील. हिब्रूची मुळाक्षरं त्याने हसाजीबाबांच्याच हाताखाली गिरवलेली. वडिलांच्या पुण्यतिथीला त्यांच्या नावाची प्रार्थना म्हणायला तो खाडीकाठच्या आपल्या गावी, ज्यूंच्या या प्रार्थनामंदिरात आला होता. साल एकोणीसशे एकोणचाळीस. खिशात एक कागद होता. व्हिएन्नाहून जीव मुठीत धरून पळालेला एक ज्यू डॉक्टर मुंबई बंदरात बोटीवर अडकला होता. इथल्या कुणी हमी दिली तरच उतरता येणार, नाहीतर उद्या दुपारी तीच बोट त्याला परत घेऊन निघणार. सही तेवढी एझ्राची हवी होती.

"गेल्या वर्षी हे बत्तीस देश पळून आलेल्या ज्यूंचं काय करायचं ते ठरवायला एकत्र बसले," एझ्रा म्हणाला. "अमेरिका बसली, इंग्लंड बसलं. सगळ्यांना फार वाईट वाटलं. कुणी म्हणालं, कामं नाहीत. कुणी म्हणालं, जागा नाही. एवढ्या मोठ्यांची ही गत, तिथे मी कोण? आज एकाला हमी दिली तर उद्या माझ्या दारात रांग लागेल. गोऱ्या साहेबांच्या मर्जीतून उतरेन ते वेगळंच."

"नाव काय त्याचं?"

"कागदावर असेल..."

एवढा शिकलेला माणूस, पण नावही वाचलं नव्हतं!

सूर्य खाडीवर टेकला; तो बुडाला की पुण्यतिथीचा दिवस संपणार होता. दहा पुरुष असल्याशिवाय ती प्रार्थना म्हणता येत नाही. आणि माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, ही तिथली रीत. दहा शब्दांचं एक जुनं वचन आहे, त्यातला एकेक शब्द एकेका माणसाकडे बघून म्हणायचा.

बाबांनी पहिला शब्द स्वतःसाठी म्हटला. मग घाण्यावरून तसेच तेलकट कपड्यांनी आलेले आठ जण. नऊ शब्द झाले. नजर एझ्रापाशी आली...

बाबांनी ओठ मिटले.

"बाबा, मी आहे ना!"

"तू तिकडे बसलास. त्या बत्तिसांत."

"माझ्या वडिलांची प्रार्थना आहे, बाबा... सूर्य चालला!"

कुणी जागचं हललं नाही. एझ्राला आधी संताप आला. मग त्याला लाज वाटली, इतकी की मान वर होईना. खिशातला कागद काढून त्याने खिडकीच्या कट्ट्यावर पसरला.

"डॉक्टर एमिल रोझेनफेल्ड," त्याने मोठ्याने वाचलं. आणि सही केली.

"आता तरी मला धरा."

बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दहावा शब्द एझ्राच्या वाट्याला आला. त्याने सुटकेचा श्वास सोडला.

पण बाबांची नजर त्याच्यावर थांबली नाही. उघड्या दारातून ती मुंबईच्या दिशेला, समुद्राकडे गेली.

"एझ्रा," ते म्हणाले, "आज आपण अकरा झालो. एक शब्द कमी पडला."