पहिल्या बाकाची कडेची जागा

ओढ्याकाठच्या एका गावात ख्रिस्ती मंडळीचे एक पाळक होते. नाव शांतवन. माणूस नेक, पण नियमांबाबत काटेकोर. पत्नी गेल्यापासून तीन वर्षे त्यांनी स्वतःला वाचनात बुडवून घेतले होते. पहिल्या शतकांतल्या मंडळ्यांचे नियम वाचता वाचता त्यांना वाटू लागले, आपली मंडळी फारच सैल झाली आहे.

मग दर रविवारी ते एकेक जुना नियम वाचून दाखवू लागले. ते लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत. आपल्याला नाताळच्या करंज्या तेवढ्या आठवतात. रविवार पुनरुत्थानाचा, म्हणून ते उभ्याने प्रार्थना करत. आपण गुडघे टेकतो. ते वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा देत; आपण वाटीतले चार थेंब शिंपडतो.

लोक माना डोलावत आणि घरी जात. मंडळीतले वडीलधारे जखऱ्याभाऊ मात्र एकदा म्हणाले, “साहेब, वाहत्या पाण्याला आमची ना नाही. पण ओढा आठ महिने कोरडा असतो. तोवर लेकरांनी वाट बघायची का?”

पाळकांनी पुस्तक मिटले. वाहते पाणी नसेल तर दुसरे चालेल, तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे, असे त्याच नियमात पुढे लिहिले होते. ती ओळ त्यांनी वाचून दाखवली नव्हती.

सुगीच्या सणाचा रविवार आला. मंडळीचे देऊळ गच्च भरले. भिंतीला लागूनही माणसे उभी होती. रिकामी होती फक्त पहिल्या बाकाची खिडकीकडची जागा. तिथे पाळकांची पत्नी बसत असे. तिचे गीतांचे पुस्तक अजून तिथेच होते. कुणी तिथे बसत नसे आणि कुणी बोलतही नसे.

त्या दिवशीचा नियम पाळकांनी मुद्दाम निवडला होता. पुढच्या जागा धरून बसणाऱ्या मंडळीच्या पंचांना तो लागेल, असे त्यांना वाटले होते. त्यांनी वाचले, “गरीब, विशेषतः म्हातारे माणूस आले आणि जागा नसेल, तर बिशपने, म्हणजे मंडळीच्या पाळकाने, मनापासून जागा करून द्यावी, मग स्वतःला जमिनीवर बसावे लागले तरी चालेल.”

तेवढ्यात शेजारच्या वाडीची सोनाबाई काठी टेकत दारात आली. पायाला फडके बांधलेले. दोन-तीन पंच उठू लागले, पण पाळकांनी त्यांना हाताने थांबवले. व्यासपीठावरची स्वतःची खुर्ची त्यांनी पुढे केली. म्हातारीने दोन पायऱ्यांकडे पाहिले आणि मान हलवली.

पाळक तसेच उभे राहिले. सगळे जमिनीकडे पाहू लागले. जखऱ्याभाऊ हळूच म्हणाले, “साहेब, ओढ्याला पाणी नव्हतं. इथं जागा आहे.”

मग पाळक खाली उतरले. बाकावरचे पुस्तक उचलून त्यांनी बाहीने पुसले आणि काखेत धरले.

“बसा, आजी.”

“इथं कुणी यायचं नाही ना?” म्हातारीने विचारले.

“नाही,” पाळक म्हणाले. तिथे आता कुणी यायचे नाही, हे तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवले होते.

त्या दिवशीचे पहिले गीत त्यांनी त्याच पुस्तकातून सांगितले.

तात्पर्य: जुना नियम दुसऱ्यांना वाचून दाखवणे सोपे असते; त्यासाठी आपण स्वतः काही सोडले, तरच तो पाळला असे म्हणावे.