साहेबांच्या केबिनमधला डबा

खंडेनवमीचं कुंकू अजून अंगावर असलेले चाळीस जुने कॉम्प्युटर दवाखान्याच्या आवारातून भंगारात जायला निघाले होते. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या धायगुडेबाई आडव्या आल्या. "आतल्या डिस्क फोडल्याशिवाय देऊ नका. मागच्या भंगारातून एका पोरीचा एचआयव्हीचा रिपोर्ट गावभर झाला. तिने विहीर जवळ केली, विसरलात?"

दवाखान्याचे अध्यक्ष राजेशिर्के वैतागले. "बाई, सगळं डिलीट केलंय. कोरे डबे आहेत ते."

बाई शिपायाला म्हणाल्या, "गणपा, साहेबांच्या केबिनमधलाही आण. तोही कालच डिलीट केलाय."

"त्याला हात लावायचा नाही. माझं खासगी आहे त्यात."

"कोऱ्या डब्यात, साहेब?"

गणपा न सांगता आत गेला आणि हातोडा घेऊन आला. पोरगी त्याचीच होती.