सोडा आणि लिंबूसत्त्व

“पण डाक्टरसायेब, स्वस्तातलं म्हंजे कमी दर्जाचं न्हाई न्हवं?”

भैरू पोवारच्या या प्रश्नावर डॉ. रघुवीर खांबेटे बराच वेळ बोलले. टक्केवारी सांगितली, परदेशातले दाखले दिले. ते बोलत गेले तसतसं भैरूचं तोंड उतरत गेलं.

त्याची बायको शालन शेजारी बसली होती. लग्नाला तप उलटून गेलं होतं. उद्या सकाळी तिचं बीज काढायचं होतं. शहरातली टेस्ट ट्यूब बेबीची केंद्रं दोघांच्या आवाक्याबाहेरची. खांबेट्यांनी इचलकरंजीत ही साधी प्रयोगशाळा काढली होती ती अशांसाठीच.

“माजी आत्ती म्हनती, असली पोरं मोठाल्या मशिनीत ठेवत्यात. हितं तर मशीनच न्हाई.” भैरूने पिशवी उचलली. “चल शालन. नशिबात न्हाई म्हनायचं.”

शालन उठली नाही.

दोघांना इथे घेऊन आल्या होत्या खांबेट्यांच्या गुरू, डॉ. यमुनाबाई कर्णिक. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या बाई नव्वदीला टेकलेल्या; शिष्यही सत्तरीचा.

“रघुवीर, मशीन नाही, तर काय आहे?”

“काचेच्या दोन नळ्या, बाई. एकीत वायू तयार होतो. तो दुसरीतल्या द्रवात मुरतो. उद्यापासून त्या द्रवात गर्भ...”

“वायू कशापासून?”

खांबेट्यांनी फळीकडे पाहिलं. बरण्यांवर त्यांनी लांबलचक रासायनिक नावं चिकटवली होती. साधं नाव तोंडातून निघेना.

“कशापासून रे?”

“खायचा सोडा... आणि लिंबूसत्त्व.”

“आयला, ढोकळ्याचं सामान!” भैरू म्हणाला.

खांबेट्यांचे कान तापले. आता ही दोघं जाणार.

“घेऊन ये,” बाई म्हणाल्या.

“इथे? यांच्यासमोर?”

“मग कुणासमोर?”

त्यांनी नळ्या आणल्या. बाईंनी दोन्हींची मोजून ठेवलेली पूड शालनच्या हातात दिली.

“टाक.”

“बाई, पेशंटने कशाला...”

“टाक गं.”

शालनने नवऱ्याकडे पाहिलं. मग पाण्याच्या नळीत पूड टाकली. खांबेट्यांनी झटकन बूच दाबलं.

फसफसलं. बुडबुडे उठले आणि बारीक नळीतून पलीकडच्या काचेत काहीतरी गेलं. दिसलं मात्र नाही.

“काय गेलं त्ये?” शालनने विचारलं.

बाईंनी शालनचा तळवा तिच्याच नाकासमोर धरला.

“श्वास सोड.”

शालनने सोडला. तळव्याला ऊब लागली.

“या श्वासातलंच. पोटात गर्भालाही हेच मिळतं,” बाई म्हणाल्या.

शालन तळव्याकडे बघत राहिली...

“पिशवी ठिवा खाली,” ती नवऱ्याला म्हणाली. “आन् आत्तीला सांगा, हवा म्या केलीया.”

भैरूने पिशवी ठेवली. डोळे पुसता पुसता हसला. “डाक्टर, ढोकळा न्हाई ना फुगायचा?”

खांबेटे हसले. इतके हसले की चष्मा काढावा लागला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या छातीवरचा दगड हलला होता.

दोघं वॉर्डात गेली. खांबेट्यांनी बूच तपासलं. खुर्चीवर बसले. उठून पुन्हा तपासलं.

“बाई...”

“हं.”

“सगळं नीट झालं, तरी शंका येतेच. रात्री उठून बघणार मी, मला ठाऊक आहे. आणि पुढे गर्भ धरलाच नाही तर? माझ्यासारख्या भित्र्याकडे का आणलंत त्यांना?”

बाईंनी काठी टेकली, उठल्या.

“निर्धास्त डॉक्टर पुष्कळ होते रे ओळखीचे.”