ठकूबाईचा बिननावाचा पाला

फार वर्षं झाली. काळशेतच्या डोंगराला तेव्हा रस्ता नव्हता. हाड मोडलं की माणसं ठकूबाईच्या अंगणात यायची. ती बोटांनी चाचपून हाड बसवायची, वर एका पाल्याचा लेप लावायची आणि बांबूच्या कामट्या बांधायची. ज्याला झोळीत घालून आणलं, तो चालत घरी जायचा, असं म्हणतात.

तो पाला तिला सासूनं दाखवला होता. सांगून नव्हे, टेकाडावर नेऊन, नुसतं बोट लावून. रीतच तशी होती. नाव उच्चारलं की गुण जातो, आणि जन्मात एकालाच दाखवायचं. ठकूबाईनं ते दाखवणं सुनेसाठी, पारूसाठी, राखून ठेवलं होतं.

मग सरकारनं कायदा केला. जो औषध देईल त्याचं नाव वहीत हवं, औषधाचंही हवं. नाहीतर औषध देणं बंद. वही घेऊन एक साहेब डोंगर चढून आले. नेमकं त्याच दिवशी, मध काढताना कड्यावरून पडलेल्या भागा नावाच्या गड्याला लोकांनी अंगणात आणून ठेवलं. त्याची मांडी मोडली होती.

"थांबा," साहेब म्हणाले. "आधी पाल्याचं नाव सांगा."

"मलाच ठाऊक नाही, साहेब."

"मग लोकांना काय बांधता, ते कुणाला विचारायचं? खालच्या गावात एका वैदूच्या लेपानं माणसाचा पाय सडला. कापताना मी तिथं होतो."

ठकूबाईनं भागाच्या मांडीकडं पाहिलं. साहेब खोटं बोलत नव्हते. सासूही खोटं बोलली नव्हती. भागा विव्हळत होता. कुणाचं खरं धरावं, तिला उमगेना.

"चला, दाखवते," ती शेवटी म्हणाली. "पण वाटेत बोलायचं नाही."

"गप्प बसायचा पगार सरकार मला देत नाही, बाई!"

पारू दारातून ओरडली, "आत्याबाई, माझा वाटा त्यांना देता?"

ठकूबाईनं मागं पाहिलं नाही. साहेब बडबडत निघाले आणि पहिल्या वळणावर आपोआप गप्प झाले.

परतल्यावर ते लिहायला बसले. झाड त्यांनी ओळखलं होतं. पण टाक कागदाला टेकला की शाई उलटी चढून दौतीत जायची, असं म्हणतात. कुणी म्हणतं, त्यांचा हातच धजला नाही. शेवटी रकाना कोरा ठेवून त्यांनी शिक्का मारला. ठकूबाईनं मांडी बसवली आणि तिसऱ्या दिवशी भागा कडा चढला.

साहेबांची बदली झाली. ते पुन्हा कधी आले नाहीत.

ठकूबाई अंथरुणाला खिळली तेव्हा पारू म्हणाली, "आता तरी सांगा, आत्याबाई."

"मी चुकले का गं?" ठकूबाईनं विचारलं.

पारूनं तिच्या अंगावरची वाकळ सारखी केली.

आजही चैत्रात काळशेतची माणसं ठकूबाईचं नाव घेऊन, हंडे भरून टेकाडावर जातात. ते झुडूप कोणतं, हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून प्रत्येक झुडपाला पाणी घालतात. घाणेरीलासुद्धा.